ओढणीवरचे पंख

चिंचतांडा, पुसेगाव, ता. सेनगाव
१८ ऑगस्ट २०२४

माझ्या पोराच्या फोटोला या लोकांनी हार घातला आन मला इचारलंबी न्हाई. पंधरा ऑगस्टला शाळेत झेंडा झाला. तिथून तांड्यातला दिपक आन त्याचे दोस्त माझ्या दारात आले. किसनसिंगचा शाळेतला फोटो कुठून तरी मोठा करून आणलेला, त्याला झेंडूचा हार, खाली लिवलेलं अमर. मी म्हणलं, अमर म्हंजी काय रं? दिपक म्हणते, आजी, देशासाठी जे गेले ते अमर. मी म्हणलं, कोण सांगितलं गेला म्हणून? मीच हार काढून शेळीला टाकला. शेळीनं खाल्ला.

रामप्रसाद, आशीर्वाद. मी पारुबाई, तुझ्या आईची, भिकाबाईची चुलत बहीण. तुझ्या लग्नात मी तुला नाचताना पडलेलं बघितलं व्हतं, म्हंजी वळख पटंल. चौथी शिकले, तेबी अर्धी गुरं राखण्यात गेली. काना-मात्रा बघू नको, मतलब बघ.

काम असं हाय. किसन अठरा वर्षाचा असताना ऊसतोडीच्या टोळीतून निघून गेला. काहून गेला, कुणाला म्हायती न्हाई. मंग किल्लारीचा भूकंप झाला त्या दिवाळीला पोष्टानं एक पुडकं आलं. चिठ्ठी न्हाई, काही न्हाई. आत पितळाचा बिल्ला, दोन पंख फाकवलेला, मधी मुकुट. पुडक्याचा कागद माझ्या मालकानं चिलमीला लावला, म्हणून कोण्या गावाहून आलं तेबी गेलं. गुरुजीनं बिल्ला उलटासुलटा केला आन म्हणला, हा विमानवाल्याचा. तवापास्नं तांडा म्हणते किसन विमानात हाय. मीबी न्हाई म्हणलं न्हाई. आता पोरं म्हणतात, इतके दिस आला न्हाई म्हंजी लढाईत गेला. तांड्याच्या तोंडाशी कमान करून त्याचं नाव टाकायचं ठरवून राहिले.

तू हवाईदलात वर्दीच्या कोठारावर व्हता. तुझ्या घरी कपाटभर असले पंख हायेत, आन तू बिल्ला बघून साल सांगतो, असं भिकाबाई जिती व्हती तवा सांगायची. मला सांग, हा बिल्ला कवाचा, कोणाचा, आन तो घालणारा कुठं ठेवलेला असतो. जिता का मेला, तेवढं कळलं पाहिजे. नात प्रतिक्षानं बिल्ला तेवढा उचलून धरून पुढून-मागून जवळून फोटो काढून छापून आणले, ते सोबत हायेत.

फोन करू नको. इथं देवळाच्या ओट्यावरच रेंज येते आन तिथं समदा तांडा बसलेला असते. तुलाबी ऐकू येत न्हाई म्हणे. लिवूनच बोल.

पारुबाई


नागपूर
३० ऑगस्ट २०२४

पारुमावशीस नमस्कार.

माझ्या पेटीत विजेच्या बिलाशिवाय काही पडत नाही. तुझं पाकीट पाहून आधी वाटलं, पोस्टमन घर चुकला. विमानांच्या इंजिनांनी कान नेले हे खरं आहे. तुझी भाचेसून सुशीला गेल्यापासून घरात ऐकण्यासारखंही फार काही नसतं, त्यामुळे अडत नाही.

बिल्ला भिंग लावून पाहिला. असे बिल्ले ओळखायची पहिली जागा म्हणजे मुकुट. तुझ्या बिल्ल्यावरच्या मुकुटाचा माथा घुमटासारखा गोल आहे. हा इंग्रजांच्या राजाच्या वेळचा. पुढे तिकडे राणी आली तेव्हा मुकुटाचा माथा मधोमध दबका झाला. आपल्या हवाईदलातून तर मुकुट गेलाच आणि त्या जागी तीन सिंह आले. दुसरी जागा म्हणजे पाठ. तुझ्या बिल्ल्याला मागे दोन कड्या आहेत. टोपीला किंवा जाड कापडाला पक्के बसवायचे जुने बिल्ले असेच असत. मुकुट आणि कड्या एकत्र धरल्या तर हा दुसऱ्या महायुद्धातला, म्हणजे १९४० ते ४५ मधला ठरतो. त्या काळी विमानातले लोक असे लहान पितळी पंख करवून घरच्या बाईला पाठवत. आईला, बायकोला. अशी वस्तू आता मिळत नाही. जपून ठेव.

तब्येतीला जप. पाऊस कसा आहे?

तुझा,
रामप्रसाद


चिंचतांडा
९ सप्टेंबर २०२४

पाऊस मी पडून मोजत बसले न्हाई. सोयाबीन पिवळं पडून राहिलं, एवढं बस.

रामप्रसाद, तू बिल्ल्यावर पानभर लिवलं आन माझ्या पोरावर एक ओळ न्हाई. तुझ्या बापाचीबी हीच खोड. काही वंगाळ सांगायचं असलं की पावसाचं इचारायचा. मी म्हातारी हाय, लेकरू न्हाई. चाळीस सालात माझंच लगीन झालेलं न्हाई, माझ्या आईचं व्हत व्हतं. मंग किसनकडं त्या सालातला बिल्ला कुठून आला? तुला ते कळलं आन तू ते गिळलं.

आन तुझी इद्याबी कच्ची हाय. त्या कड्या फौजेच्या न्हाईत. माझ्या हायेत. बिल्ला आला तवा त्याला मागं आकडी व्हती, सदऱ्याला अडकवायची. आपल्या बाया ओढणीच्या पट्ट्याला, डोक्यावर येतो त्या, काय लावतात ते इसरला व्हय नागपुरात राहून? चाराणे, आठाणे, गुंड्या, शिंपले, जे चमकंल ते. पोरानं पाठवलं, म्हणून मी त्याच हप्त्यात पुसेगावच्या सोनाराकडं गेले, आकडी काढून टाक म्हणलं आन शिवायला दोन कड्या लावून घेतल्या. मधोमध शिवला, रुपयाच्या वर. लग्नाकार्याला तीच ओढणी घ्यायची. बाया इचारायच्या, मी सांगायची, पोराचा हाय. मालक गेले तवापास्नं ती ओढणी पेटीत हाय.

म्हंजी कड्या धरून तू जे साल काढलं ते सोनाराचं साल हाय. आता कड्या सोडून सांग. आन खरं सांग.

पारुबाई


नागपूर
२० सप्टेंबर २०२४

मावशी,

पकडलंस. कोठारात इतकी वर्षं काढली, पण बिल्ला ओढणीला शिवायला कुणी कड्या लावून घेईल हे माझ्या डोक्यात आलं नाही. आईच्या ओढणीवर तर मी टोपीची बटणं पाहिलेली होती. लाज वाटली.

आता गिळलेलं सांगतो. आपल्या हवाईदलात वैमानिकाचे पंख पितळेचे नसतात. वर्दीवर लागतात ते कापडावर भरलेले, डाव्या खिशाच्या वर शिवलेले. मी स्वतः ते मोजून दिले आहेत. शिवाय सिंह हवेत, तिथे मुकुट आहे. म्हणजे हा बिल्ला किसनला हवाईदलाने दिलेला नाही. त्याने तो कुठे जुन्या बाजारात घेतला असावा, असं वाटून मी गप्प बसलो. मला वाटलं, इतकी वर्षं जे धरून आहेस ते मी का सोडवू.

कड्या गेल्या म्हणजे माझं सालही गेलं. फोटोत पिसांच्या रेषा बुजलेल्या दिसतात, आणि ते मला पटत नाही. वस्तू हातात घेतल्याशिवाय बोलणार नाही. पाठवशील का? फक्त बिल्ला उसवून पाठव, ओढणी नको.

रामप्रसाद


चिंचतांडा
३ ऑक्टोबर २०२४

बिल्ला उसवत न्हाई. माझ्या हातचा टाका हाय, डोळ्याला आता सुई दिसत न्हाई, परत कोण शिवंल? आख्खी ओढणी पाठवते. हिंगोलीला जाऊन रजिस्टर केली. खिडकीवरचा बाबू म्हणला, आजी, यात काय हाय? मी म्हणलं, तुझं काय जाते?

मी काय धरून हाय आन काय सोडायचं, ते तू ठरवू नको. मला काहीच नसलं तरी चालंल, पर दुसऱ्याच्या तोंडचं नको. कमानीचे दोन खांब उभे झालेत. रोज पाण्याला जाताना त्याच्या मधून जाते. दिवाळीला नाव टाकणार हायेत, आन नावाच्या आधी एक शब्द लिवणार हायेत. तो शब्द लिवला की मंग तो मेलाच. कुणी हुडकायचं कारणच राहत न्हाई. म्हणून घाई कर.

ओढणीला डांबरगोळीचा वास हाय. खिडकीत टाक. धुऊ नको.

पारुबाई


नागपूर
२२ ऑक्टोबर २०२४

मावशी,

ओढणी आली. सुशीलाच्या खुर्चीच्या पाठीवर टाकली आहे. संध्याकाळी ऊन आलं की तिच्यावरच्या आरशांचे कवडसे भिंतभर पडतात. धुतली नाही.

आता बिल्ला. माझ्याकडे राजाच्या वेळचा अस्सल पितळी पंख आहे, तो शेजारी ठेवला. तुझा किंचित लहान भरला, तांदळाच्या जाडीएवढा. अस्सल बिल्ल्यावरून मातीत साचा घेऊन पितळ ओतलं की ते थंड होताना आक्रसतं. पिसंही साबण झिजावा तशी बुजतात. म्हणजे हा जुन्या बिल्ल्यावरून नंतर कुणीतरी ओतलेला आहे. नंतर म्हणजे कधी, ते तुझ्या सोनाराने सांगितलं. कड्या जोडायला त्याने ओतलेला डाख मी तापवून काढला. टाका मी उसवला, तेवढं माफ कर. डाखाच्या कडेखाली सोनेरी मुलामा कोरा होता, हिरवा डाग नाही. बिल्ला चाळीस-पन्नास वर्षं वापरलेला असता तर मुलामा असा राहिला नसता. सोनाराकडे आला तेव्हा तो नवाच होता. मुकुट राजाचा, पण बिल्ला किल्लारीच्या, म्हणजे १९९३ च्या, थोडाच आधीचा.

डाख पुसल्यावर पाठीवर खिळ्याने कोरलेली अक्षरं दिसली. रेघांत डाख भरून बसल्यामुळे चांदीने लिहिल्यासारखी दिसत होती. हिंदीत आहे: गुलमोहर बैंड, इटारसी, ९.

मावशी, हा लग्नातल्या बँडचा बिल्ला आहे. बँडवाले वर्दीवर असे पंख, मुकुट, वाघ, जे मिळेल ते लावतात. मालक वर्दी वाटतो आणि परत घेताना चूक होऊ नये म्हणून मागे नंबर कोरतो. किसन हवाईदलात नव्हता. तो इटारसीला बँडमध्ये नऊ नंबर होता.

हे लिहून पत्र टेबलावर ठेवलं आणि दोन दिवस टाकलं नाही.

रामप्रसाद


चिंचतांडा
४ नोव्हेंबर २०२४

दोन दिवस काहून ठेवलं? तुझ्या टेबलावर ठेवून ते बदलणार व्हतं व्हय?

मागचं खरवडलेलं मी तवा बघितलं व्हतं. मला वाटलं पोष्टात घासलं. हिंदी असो का मराठी, खिळ्याचं लिवणं मला वाचता आलं न्हाई, आन सोनाराला काय, त्यानं वरून डाख वतला. मीच पैसे देऊन पोराचा पत्ता बुजवून घेतला आन डोक्यावर घिऊन लग्नात मिरवला. बस, झालं ते झालं.

बँड म्हणलास ते बराबर बसते. पपईचा देठ दिसला की तोडायचा आन पिपाणी करायचा. ऊसतोडीला कारखान्यावर गेलो तवा कुठं बँड वाजला की कोयता टाकून पळायचा. मुकादम माझ्या नावानं बोंबलायचा. मालक म्हणायचे, वाजवायला आपल्या तांड्यात ढालिया हायेत, राठोडाच्या पोरानं फुंकत फिरायचं न्हाई. एकदा पिपाणी चुलीत घातली. म्हणून चिठ्ठी न्हाई आली, बिल्ला आला. बिल्ला बघून बापाला काय कळंल ते कळू दे, असं असंल त्याचं. बापाला काय कळलं न्हाई. गुरुजीला भलतंच कळलं.

दिवाळीच्या आदल्या दिशी दिपक रंगाचा डबा घिऊन आला. मी कमानीखाली खाट टाकून बसले. म्हणलं, लिव, पर आधी मला सांग किसन कोण्या लढाईत मेला, कोण्या साली. दिपक म्हणते, आजी, तांड्याची इज्जत हाय. मी म्हणलं, तांड्याच्या इज्जतीसाठी माझं पोरगं मारतो व्हय? तू मर, तुझं नाव लिवते मी. तर त्याची माय माझ्यावर धावून आली. आता बोलत न्हाई. तसंबी पहिले कोण बोलत व्हतं! बँडचं मी कुणाला सांगितलं न्हाई. लाजेनं न्हाई. माझं मला आधी बघू दे.

कमान तशीच हाय, कोरी. वर कावळे बसतात.

तू इटारसीला जा. नागपुराहून गाडी सरळ हाय म्हणे. तुला तिथं घरात काय काम हाय?

पारुबाई


नागपूर
१९ जानेवारी २०२५

मावशी,

गेलो होतो. सुशीला गेल्यानंतर पहिल्यांदाच गाडीत बसलो. कानाला मशीन लावून घेतलं, तीन वर्षं डब्यात पडलं होतं. म्हणून पत्राला उशीर झाला.

गुलमोहर बँड बंद पडून बरीच वर्षं झाली. दुकानाच्या जागी मोबाईलवाला आहे. मालक वारले, पण त्यांचा मुलगा मागच्या गल्लीत राहतो, विश्वंभर नावाचा. त्याने बिल्ला पाहिला आणि हसला. असे पंख त्याच्या वडिलांनी एकदाच ओतवून घेतले होते. म्हणाला, नौ नंबर तो किशन का था, उसने बोला था खो गया, पिताजी ने बहुत डाँटा था.

किसन तिथे कॉर्नेट, म्हणजे फुंकायचा छोटा पितळी कर्णा, वाजवायचा. वरातीत सगळ्यांच्या पुढे तो असायचा. पंखांमुळे त्याला सगळे पायलट म्हणत, पायलट नसेल तर लोक बँड ठरवत नसत. पुढचे दात गेले तेव्हा वाजवणं सुटलं. त्यानंतरचं खात्रीने कुणी सांगेना. ढोल वाजवणारा एक म्हातारा म्हणाला, करोनात गेला. चहावाला म्हणाला, नाही, गेल्या वर्षी नर्मदेच्या घाटावर दिसला, खांद्यावर झोळी होती. दोघं माझ्यासमोर भांडले. घाटावर मी दोन दिवस फिरलो. मावशी, दात नसलेले, झोळीवाले पुष्कळ आहेत. मी किसनला लहानपणी एकदाच पाहिलं होतं. कुणाकडे पाहायचं तेच कळेना.

विश्वंभर म्हणाला, चिठ्ठी छोड़ दो, उसके साथ के दो-तीन लोग अब भी आते हैं, किसी न किसी के हाथ पहुँच जाएगी. पत्ता मी घेऊन ठेवला आहे. तू सांगशील ते मी लिहून पाठवतो. मला हिंदी चांगलं येतं.

ओढणी ठेवू की पाठवू? घाई नसेल तर राहू दे.

रामप्रसाद


चिंचतांडा
३० जानेवारी २०२५

मी सांगणार आन तू लिवणार, मंग त्याला कसं कळंल मी लिवलं म्हणून? माझं वाकडं अक्षर तो वळखतो. सोबतची चिठ्ठी तशीच पाठव. चुका सुधरू नको. इटारसीवाला पायलट म्हणते, म्हंजी आमचा तांडा तितका खोटा न्हाई.

ओढणी राहू दे उन्हाळ्यापर्यंत. मंग तूच घिऊन ये. बिल्ल्याला कड्या लावायला सोनार हाय, पर शिवायला कुणीतरी बसावं लागंल माझ्याजवळ. मशीन कानात घालून ये, डब्यात ठेवू नको.

पारुबाई


चिंचतांडा
३० जानेवारी २०२५

किसनसिंग,

बिल्ला पोचला. आता किल्लारीच्या दिवाळीचं उत्तर देऊन राहिले, रागवू नको. पाठीमागं तू पत्ता खरडला का बँडच्या मालकानं नंबर टाकला, ते तुलाच ठावं. मी त्याच्यावर कड्या लावून घेतल्या.

तुझा बाप वारला. पिपाणीवरून कोण बोलणारं आता इथं न्हाई. तांड्यात लग्नाला डीजे आणतात, घरातली भांडी हालतात नुसती. ढालियाचं पोरगंबी हिंगोलीत बँकेच्या दारावर वाचमन म्हणून उभं राहते. वाजवणारं कोणी उरलं न्हाई, म्हंजी लाज वाटायचं कामबी उरलं न्हाई.

तांड्याच्या तोंडाशी दोन खांब आन वर आडवी पट्टी हाय. तुझं नाव लिवणार व्हते, मी लिवू दिलं न्हाई. येशील तर त्याच्याखालून येशील. कोरी दिसली तर समज माय हाय.

दात गेले म्हणे. माझेबी गेले. भाकर कुस्करून खाते, तूबी खाशील.

तू बिल्ला हरवला म्हणून मालकाला खोटं बोलला, ते मला कळलं. तो परत द्यायचा असंल तर इथून येऊन ने. पोष्टानं पाठवणार न्हाई.

आता नीट ऐक, आन ही चिठ्ठी ज्याच्या कोणाच्या हातात असंल त्यानंबी ऐकावं. याचं उत्तर किसननं लिवायचं, त्याच्याच हातानं. मित्रानं लिवू नये, मालकाच्या पोरानं लिवू नये, रामप्रसादनं तर मुळीच लिवू नये. किसन नसंल तर कुणीच काही लिवू नका.

तुझी याडी